डांबर संपल्यानंतरचा रस्ता घरी बसून कसा आखायचा (भंडारदरा पट्ट्याच्या उदाहरणासकट)

नवीन फोर बाय फोर घेतलीय, किंवा ॲडव्हेंचर बाइक घेतलीय, किंवा साध्या स्प्लेंडरवरच सह्याद्रीतल्या आडबाजूच्या वाड्यांपर्यंत जायची खाज आहे, आणि आत्तापर्यंतचं प्लॅनिंग म्हणजे "लोकेशन टाक, निघू" एवढंच, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. हायवेला ते चालतं, पण डांबर संपलं की चालत नाही.

कारण साधं आहे. मॅपमधली पांढरी रेषा सगळीकडे सारखीच दिसते. ती ग्रामसडक योजनेचा पक्का रस्ता असू शकते, शेतात जायची बैलगाडीची वाट असू शकते, नाहीतर कोणीतरी हैदराबादला किंवा जर्मनीत बसून सॅटेलाइट फोटोवरून अंदाजाने ओढलेली असू शकते, जी प्रत्यक्षात कोरड्या ओढ्याचं पात्र आहे. ॲप तुम्हाला हा फरक सांगत नाही, ते फक्त "४७ मिनिटे" म्हणतं आणि तुम्ही निघता. म्हणून प्रत्येक रेषेला दोन प्रश्न विचारायची सवय लावा, ही कोणी काढली आणि ही कधीची आहे.

उदाहरण म्हणून मी अकोले तालुका घेतलाय, अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे जुना अहमदनगर. भंडारदरा, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई हा पट्टा. का, तर नवशिक्याला फसवणाऱ्या सगळ्या गोष्टी इथे एकत्र सापडतात: धरणाचं बॅकवॉटर, कोकणात कोसळणारे कडे, अभयारण्य, प्रचंड पाऊस, आणि एकाच नावाची दोन गावं.

१. काय काय लागतं

कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, हे पहिलं. फोनच्या स्क्रीनवर रूट आखू नका, बोटाखाली आख्खा डोंगर झाकला जातो. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो टाकून घ्या, फुकट आहे. ब्राउझरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप आणि जीपीएक्स स्टुडिओ (वाट आखून तिची जीपीएक्स फाइल काढायची साइट, ती फाइल फोनमधलं ॲप वाचतं), दोन्ही फुकट. फोनवर ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स, दोन्ही नेटशिवाय चालणारी नकाशाची ॲप. ऑरगॅनिक मॅप्स नवीन माणसाला सोपं पडतं, उघडलं की चालू. ऑस्मअँडमध्ये सेटिंगांचं जंगल आहे आणि फुकट आवृत्तीत नकाशे उतरवायला मर्यादा आहे, पण एकदा हात बसला की दुसरं काही नको वाटतं. विकिलॉकवर लोकांनी रेकॉर्ड केलेले ट्रॅक बघायला मिळतात, तेही लागतील.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारे सरकारी नकाशे, पण घ्या. १:५०,००० स्केलच्या ओपन सिरीज मॅपच्या पीडीएफ त्यांच्या साइटवरून नोंदणी करून उतरवता येतात. दिसायला जुनाट वाटतात, पण वाड्यांची नावं, विहिरी, पायवाटा, घाटवाटा ह्या बाबतीत अजूनही कुठल्याही ॲपला भारी आहेत.

गाडीसोबत: पॉवर बँक, दोन चार्जिंग केबल (एक केबल नेहमी दगा देते), शक्य असेल तर एक जुना फोन. बाइकवाल्यांनी हा जुना फोनच हँडलला लावावा, कारण इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याची आतली स्टॅबिलायझेशनची यंत्रणा बिघडू शकते, हे २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच आपल्या ग्राहकांना सांगितलं होतं. कागदपत्रं नेहमीचीच: लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. डिजीलॉकरमध्ये असली तरी चालतात, पण नेटवर्क नसलेल्या ठिकाणी डिजीलॉकर उघडायचं म्हणजे गंमतच, तेव्हा झेरॉक्स ठेवा. वनखात्याच्या नाक्यावर दाखवायला सगळ्यांचं ओळखपत्र आणि शुल्कासाठी रोख पैसे. यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

२. गावाचं नाव नको, आकडे घ्या

सर्चमध्ये "घाटघर" टाका. एक घाटघर भंडारदऱ्याजवळचं, दुसरं जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाट आणि जीवधनच्या बाजूचं. दोन्ही घाटमाथ्यावर, दोन्हीकडे लोक फिरायला जातात, त्यामुळे चुकीचं निवडलं तरी पोचेपर्यंत शंका येत नाही. आंबोलीचं तर विचारूच नका, सिंधुदुर्गातली सगळ्यांना माहीत आहे, पण एक जुन्नरकडे आहे आणि एक त्र्यंबकेश्वरजवळ पण आहे. त्यात इंग्रजी अक्षरांत स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, साम्रदचं स्पेलिंग मी किती प्रकारे लिहिलेलं बघितलंय सांगता येत नाही.

म्हणून ठिकाण अक्षांश-रेखांशात लिहून घ्या. दशांश पद्धतीत, म्हणजे १९.५ आणि ७३.७ अशा धर्तीवर, आणि दशांश चिन्हानंतर चार ते पाच आकडे तरी असू द्या. चौथ्या आकड्यात एकाचा फरक पडला तर जमिनीवर साधारण ११ मीटर पडतो, दुसऱ्या आकड्यात पडला तर १.१ किलोमीटरच्या आसपास. अंश-मिनिट-सेकंदवाले आकडे मिळाले तर आधी बदलून घ्या, १९ अंश ३० मिनिटं म्हणजे १९.३० नव्हे, १९.५०. ही चूक भयंकर कॉमन आहे.

अजून एक. लिहिताना अक्षांश आधी, पण केएमएल फाइलच्या (गूगल अर्थमधल्या पिना आणि वाटा साठवायची फाइल) पोटात रेखांश आधी असतो. तिथून हाताने आकडे कॉपी केले की उलटे पडतात आणि रतनवाडीच्या ऐवजी पिन नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. तिथे पडली तर बरंच, लगेच कळतं.

३. पिन कड्याच्या वर आहे का खाली

सह्याद्रीत हा सगळ्यात मोठा सापळा, त्यामुळे ह्यावर जरा वेळ घालवतो.

ॲप काय करतं, तुम्ही पिन टाकली की ते त्या पिनला सरळ रेषेत जवळचा रस्ता शोधतं आणि तिथपर्यंत नेतं. सपाट मुलखात हे ठीक आहे. आपल्याकडे जवळचा रस्ता शेकडो मीटर खाली कोकणात असू शकतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पिन टाका, वरच्या अंगाला गाडी पाचनईपर्यंत जाते आणि पुढे पायी, पण कड्याच्या बरोबर पायथ्याला मुरबाड तालुक्यातलं बेलपाडा आहे. ॲपला हा कडा दिसत नाही. त्याने तुम्हाला माळशेजच्या रस्त्याने बेलपाड्यात नेऊन "यू हॅव अराइव्ड" म्हटलं तर त्याचं गणित चूक नाही, तुमची पिन चूक आहे.

साम्रद आणि डेहणे पण तसंच. सांदण दरी साम्रदला सुरू होते आणि उतरत उतरत शहापूर तालुक्यातल्या डेहण्याच्या बाजूला निघते. मॅपवर दोन्ही गावं शेजारी वाटतात, गाडीने जायचं तर घोटी, इगतपुरी, कसारा करत आख्खा वळसा. दरी उतरणारा ग्रुप असेल तर गाडी डेहण्याला कोण आणणार हे आधी ठरवायला लागतं, नाहीतर संध्याकाळी सगळे खाली आणि गाड्या वर.

आणि रतनवाडी ते कुमशेत. रेषा मारली तर हाकेच्या अंतरावर. मधे कात्राबाईची खिंड आहे, रतनगड ते हरिश्चंद्रगड मोठा ट्रेक करणारे तिथूनच जातात, काही मॅपवर तुटक रेषासुद्धा दिसते, पण ती पायवाट आहे. गाडीला मागे शेंडी (भंडारदरा धरणाजवळचं गाव), मग राजूर, मग शिरपुंज्याच्या बाजूने कुमशेत. तुटक रेषेवरून फोर बाय फोर जाईल असं ज्याला वाटतं त्याने तो भाग एकदा कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) चालू करून बघावा.

तर करायचं काय: पिन कधीही "बघायच्या" जागेवर टाकू नका, गाडी जिथे उभी राहणार त्या जागेवर टाका. गावातलं देऊळ, शाळेचं पटांगण, वनखात्याचा नाका. तिथून पुढचा पायी भाग वेगळा आखा. मग कंटूर चालू करा. टोपोशीटवर दोन कंटूरमधलं अंतर २० मीटर असतं, रेषा जिथे एकमेकींना चिकटून जाड पट्टा झालाय तिथे कडा आहे, आणि तुमची आखलेली वाट त्या पट्ट्याला आडवी कापत असेल तर एकतर ती प्रसिद्ध घाटवाट आहे नाहीतर कोणाच्या तरी कल्पनेतली आहे.

फोनमधल्या ॲपचे कंटूर मात्र जपून वाचा. बहुतेक ॲपची उंची २००० साली स्पेस शटलमधून घेतलेल्या रडार मोजणीवर आधारलेली असते, एक ठोकळा साधारण ३० मीटरचा. आपल्या बसाल्टमध्ये १०-१५ मीटरचा उभा कातळटप्पा सर्रास असतो आणि तो ह्यात गुळगुळीत उतार होऊन जातो. म्हणजे कंटूरने "कडा आहे" म्हटलं तर माना, "कडा नाही" म्हटलं तर नका मानू.

४. रेषेची चौकशी करा

ओपनस्ट्रीटमॅप उघडा. हा २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे आणि ऑस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स वगैरे ह्याच्यावरच चालतात, त्यामुळे दोन ॲपमध्ये तोच रस्ता दिसला म्हणजे खात्री झाली असं समजू नका, एकाच माणसाची एकच गोष्ट तुम्ही दोनदा ऐकताय.

साइटवर बाजूला प्रश्नचिन्हाचं बटण आहे, ते दाबून रस्त्यावर क्लिक केलं की त्या रेषेची माहिती निघते. हायवे ह्या टॅगसमोर काय लिहिलंय ते बघा. ट्रॅक म्हणजे शेताजंगलातला कच्चा रस्ता, पाथ म्हणजे पायवाट, अनक्लासिफाइड म्हणजे गावांना जोडणारा छोटा रस्ता, सर्व्हिस म्हणजे एखाद्या आवारातला वगैरे. ट्रॅकला ग्रेड १ ते ५ असतो, १ पक्का, ५ म्हणजे नुसती मऊ माती. सरफेस हा टॅग असेल तर सोन्याहून पिवळं, पण आपल्या भागात बहुतेक रेषांना तो नसतोच. त्याच पॅनेलमध्ये शेवटचा बदल कधी झाला तेही दिसतं. दहा वर्षांपूर्वी कोणी काढलेली आणि नंतर कोणीच हात न लावलेली रेषा असेल तर तिला शंकेच्या यादीत टाका.

विकिलॉकवरचा ट्रॅक उतरवताना तीन गोष्टी बघा. एक, तो ट्रॅक चालत केलाय का गाडीने. प्रकार चुकीचा टाकलेला असतो, तेव्हा वेग दिसत असेल तर बघा, ताशी ४ किमी म्हणजे चालत. दोन, महिना. जानेवारीतला ट्रॅक ऑगस्टमध्ये काही कामाचा नाही. तीन, ट्रॅकमध्ये पट्टीने मारल्यासारखी सरळ रेषा दिसली की समजायचं इथे सिग्नल गेला होता किंवा हे घरी बसून काढलंय.

५. वरून काढलेला फोटो वाचा

आता गूगल अर्थ प्रो. ह्यात घड्याळाचं चिन्ह आहे, ते दाबलं की त्याच जागेचे जुने फोटो तारखेसकट दिसतात. आपल्याला सगळ्यात उपयोगी हेच. एप्रिल-मेचा फोटो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा फोटो शेजारी ठेवून बघा.

उन्हाळ्याच्या फोटोत सगळंच रस्त्यासारखं दिसतं. पाणी उतरलेलं असतं, गाळ सुकलेला असतो, त्याच्यावरून ट्रॅक्टर आणि गुरं गेलेली असतात, वरून मस्त पिवळा रस्ता दिसतो. कोणीतरी ते बघून मॅपवर रेषा ओढतो आणि मग दिवाळीत तुम्ही तिथे जाता तेव्हा रस्ता पाण्याखाली. भंडारदरा, मुळशी, पानशेत, कोयना, कुठल्याही बॅकवॉटरला हे लागू आहे. रेषा पाण्याच्या काठाला अगदी लगटून जात असेल तर भरलेल्या धरणाचा फोटो बघितल्याशिवाय तिला हो म्हणू नका. अगदी ताजी स्थिती हवी असेल तर युरोपच्या सेंटिनेल २ उपग्रहाचे फोटो कोपर्निकस ब्राउझरवर फुकट दिसतात, दर पाचेक दिवसांनी नवीन. ते १० मीटरच्या ठोकळ्याचे आहेत, त्यात वाट दिसणार नाही, पण पाणी कुठवर आहे आणि डोंगराचा ताजा लाल ओरखडा म्हणजे दरड कुठे आली ते दिसतं. पावसाळ्यात फक्त ढग दिसतात, तेव्हा जूनच्या आधीच बघून ठेवा.

ओढ्यांवर वेगळी नजर टाका. रेषा जिथे जिथे ओढा ओलांडते तिथे झूम करा. पूल असेल तर सावली पडते. फरशी (ठेंगणा फरशी पूल) असेल तर सपाट पांढरा पट्टा दिसतो, म्हणजे जोराच्या पावसात पाणी वरून जाणार. काहीच नसेल तर गाडी पाण्यात घालायची आहे असं धरून चाला. ह्या सगळ्या जागा मार्क करा, मी त्यांना निळा पिन देतो, फरशी असली तरी आणि नसली तरी.

भातखाचरांच्या बांधावरून जाणारी वाट वरून रस्त्यासारखीच दिसते. रुंदी मोजा, गूगल अर्थमध्ये पट्टी आहे. दोन-सव्वादोन मीटरपेक्षा कमी असेल तर ती गाडीची वाट नाही, आणि बांधावर गाडी घालून कोणाचा बांध फोडलात तर गावकरी जे बोलतील ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

६. आता रेषा ओढा

एवढं झाल्यावर जीपीएक्स स्टुडिओ उघडायचं. आधी तीन शब्द डोक्यात पक्के करा कारण इथेच गोंधळ होतो. वेपॉइंट म्हणजे एक ठिपका. रूट म्हणजे मोजके ठिपके, आणि मधला रस्ता ॲप आपल्या मनाने जोडतं. ट्रॅक म्हणजे हजारो ठिपक्यांची ठरलेली वाट, ॲपने तिच्यात अक्कल चालवायची नाही. आपल्याला ट्रॅक पाहिजे. रूट म्हणून फाइल काढली आणि फोनमध्ये घातली की फोन स्वतःच्या हिशोबाने मधला भाग बदलतो, आणि तुम्ही एवढी मेहनत करून टाळलेली तीच वाट परत समोर येते.

डांबरी भागात रस्त्याला चिकटवायचा पर्याय चालू ठेवा, कच्च्या भागात तो बंद करून हाताने क्लिक करत जा, सॅटेलाइट फोटो मागे ठेवून. आख्खा प्रवास एका फाइलमध्ये कोंबू नका. मी असे तुकडे करतो: घर ते शेंडी, शेंडी ते घाटघर-साम्रद, साम्रद ते रतनवाडी, रतनवाडी ते परत शेंडी. धरणाला घातलेल्या ह्या वळशाला सगळे रिंगरोड म्हणून ओळखतात, पण त्यातले सगळे तुकडे कायम सारख्याच अवस्थेत असतील असं गृहीत धरू नका. तुकडे वेगळे असले की एक बंद निघाला तर बाकीचा प्लॅन जिवंत राहतो.

प्रत्येक कच्च्या तुकड्याला दोन पिन हव्यातच. एक, जिथून गाडी वळवता येईल अशी शेवटची रुंद जागा. दोन, बाहेर पडायची दुसरी वाट, असली तर. नसली तर तसं लिहून ठेवा, "एकच वाट". ज्या तुकड्याला एकच वाट आहे तिथे एकट्या गाडीने जाऊ नका, विशेषतः पावसाळ्यात. घाटघरला ह्या जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही.

मुंबईहून येणाऱ्या बाइकवाल्यांना खास: ॲप कार मोडमध्ये ठेवलंत तर ते इगतपुरीपर्यंत समृद्धी महामार्ग दाखवेल, तिथे दुचाकीला बंदी आहे. टू-व्हीलर मोड लावा, आणि तो लावला की ते उत्साहाने गल्लीबोळातले शॉर्टकट काढतं, तेव्हा घोटीच्या पुढे त्याच्याकडे लक्ष देऊ नका, आपला ट्रॅक लावा.

७. वेळ

ॲपची वेळ विसरा. चांगला अरुंद घाटरस्ता असेल तर मी ताशी २५ धरतो, खड्ड्यांचं डांबर २०, कच्चा १० ते १२, आणि दगडांत उतरून बघत बघत जायचं असेल तर ५. पुढच्या पायी भागाला नेस्मिथचा १८९२ चा हिशोब अजून चालतो, दर ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला अजून एक तास. तो धडधाकट गिर्यारोहकांसाठी आहे, आपल्या ग्रुपला दीडपट करा, आणि रीलवाले असतील तर दुप्पट.

मग उलटा हिशोब करा. शेवटचा कच्चा तुकडा सूर्यास्ताच्या एक तास आधी संपला पाहिजे, तिथून मागे मोजत निघायची वेळ येते. आणि काटेकोर परतायची वेळ ठरवा: दुपारी अमुक वाजता जिथे असू तिथून मागे. ही वेळ घरी ठरवायची असते, तिथे गेल्यावर सगळे शूर होतात.

पेट्रोलसाठी मॅपवर दिसणाऱ्या पंपावर जाऊ नका, घोटीला किंवा अकोल्याला टाकी फुल करूनच आत शिरा. कच्च्यात लो गियरला ॲव्हरेज किती पडतं हे तुमच्या गाडीचं तुम्हाला माहीत नसेल तर नेहमीच्या निम्मं धरा.

८. फोनमध्ये भरा आणि घरीच परीक्षा घ्या

महाराष्ट्राचा ऑफलाइन नकाशा, कंटूर, आणि सगळ्या जीपीएक्स फाइल फोनमध्ये. ऑस्मअँडमध्ये ट्रॅक फॉलो करताना तो रस्त्यांना चिकटवायचा पर्याय बंद ठेवा. गूगल मॅपचा तो भाग पण ऑफलाइन उतरवून ठेवा, डांबरावर उपयोगी पडतो, फक्त त्यात ऑफलाइन असताना ट्रॅफिक, पर्यायी रस्ते आणि पायी चालायची दिशा मिळत नाही हे लक्षात असू द्या.

मग फोन फ्लाइट मोडला टाका, लोकेशन चालू ठेवा आणि गच्चीवर जा. निळा ठिपका दिसला पाहिजे. पुष्कळ लोकांना वाटतं नेटवर्क गेलं की जीपीएस जातं, तसं नाहीये, फोन उपग्रहांचे सिग्नल थेट पकडतो, नेटवर्क फक्त सुरुवातीला ठिपका लवकर सापडायला मदत करतं. ठिपका दिसतोय पण खाली नकाशा पांढरा, म्हणजे नकाशा नीट उतरलेला नाही. हे शेंडीच्या पुढे कळण्यापेक्षा गच्चीवर कळलेलं परवडतं. तीच फाइल ग्रुपमधल्या अजून एका फोनमध्ये टाका.

९. माणसाला विचारा, पण नीट विचारा

मुक्कामाच्या घरी, हॉटेलवाल्याला, जेवण सांगायच्या निमित्ताने फोन करा. "रस्ता चांगला आहे का?" असं विचारू नका. उत्तर कायम "एकदम चांगलाय, या बिनधास्त" असंच येतं, कारण ते दादा त्याच रस्त्यावरून रोज भाताची पोती घेऊन जातात, त्यांच्या हिशोबाने तो चांगलाच आहे. असं विचारा: एसटी येते का, मुक्कामी येते का? काल आली होती का? पिकअप जाते का, का फक्त ट्रॅक्टर? ओढ्याला पाणी गुडघ्याएवढं आहे का वर? एसटी येत असेल तर तुमची कार जाईल. पिकअप जात असेल तर जरा उंच गाडी जाईल. फक्त ट्रॅक्टर जातो म्हटले तर फोर बाय फोर, आणि तीसुद्धा चालवणाऱ्याला येत असेल तरच. "बैल घेऊन जातो" म्हटले तर चालत जा.

रस्त्यावरच्या खुणा पण वाचा. किलोमीटरच्या दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर गावचा रस्ता. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी बोर्ड असतो, त्यावर लांबी आणि कामाची तारीख लिहिलेली असते. बोर्डवर ४ किमी लिहिलंय आणि तुमचा ट्रॅक ७ किमी आहे, तर उरलेले ३ कसले आहेत हे विचारायला थांबा.

१०. परवानगी

हा पट्टा बराचसा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मॅपवर वाट आहे म्हणजे तिथे गाडी न्यायला परवानगी आहे असं अजिबात नाही. नाक्यावर पावती घ्या, ते थांबा म्हणाले तर थांबा. पावसाळ्यात आणि काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जून, प्रवेशाच्या वेळा आणि वाहतूक बदलतात, निघायच्या आठवड्यात बातमी बघा. सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, मोकळं दिसतं म्हणून गाडी घालू नका, पावसाळ्यानंतर जी फुलं येतात ती त्या बोटभर मातीतच असतात.

परदेशातून येणाऱ्या आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं: तिकडे सर्रास वापरतात ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन इथे परवानगीशिवाय आणू नका, विमानतळावरच अडकाल. नुसता नकाशा दाखवणारा हातातला जीपीएस चालतो.

११. निघताना

घरी राहणाऱ्या एका माणसाला जीपीएक्स फाइल, गाड्यांचे नंबर, मुक्कामाच्या घराचा नंबर आणि "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव" असा मेसेज. लोकेशन शेअरिंगवर विसंबू नका, नेटवर्क गेलं की ते शेवटच्या टॉवरपाशी गोठतं.

वाटेत स्वतःचा ट्रॅक रेकॉर्ड करत राहा. मागे फिरायचं झालं तर आलेल्या वाटेचा ट्रॅक हाच सगळ्यात खात्रीचा नकाशा. आणि जमीन आणि स्क्रीन ह्यांचं पटत नसेल तर जमिनीचं ऐका. गाडीतून उतरा, पुढे शंभर पावलं चालत जाऊन बघा, मग गाडी घाला. पाण्यातून जायचं असेल तर आधी माणूस पाण्यात, मग गाडी. पाणी गढूळ आणि वाहतं असेल तर कोणीच नाही.

१२. परत आल्यावर

रेकॉर्ड केलेला ट्रॅक ओपनस्ट्रीटमॅपवर लावून बघा. जी रेषा गाडीची समजून गेलात आणि पायवाट निघाली तिचा टॅग बदला, सरफेस टाका, फरशी असेल तर फरशी दाखवा, कोणत्या महिन्यात गेला होतात ते बदलाच्या टिप्पणीत लिहा. फक्त गूगल किंवा टोपोशीटवरून बघून नकल मारू नका, तिथे ते चालत नाही, स्वतः पाहिलेलंच टाकायचं. कोणाच्या शेतातून, घराच्या अंगणातून गेलेली खासगी वाट असेल तर ती तशी मार्क करा, आणि ट्रॅक सगळ्यांसाठी टाकण्याआधी त्याची सुरुवात आणि शेवट थोडा कापा, म्हणजे तुमचं घर आणि ज्यांच्या ओसरीवर झोपलात त्यांचं घर जगाला दिसणार नाही.